खलनायकाचा खर्ज

कथाकादंबऱ्यांत आणि त्याहून अधिक चित्रपटांत खलनायक ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे त्याचा खर्जातला आवाज. पडद्यावर आधी बूट दिसतात, मग खुर्चीची पाठ, मग अंगठ्यांनी भरलेला हात, आणि चेहरा दिसण्याच्या कितीतरी आधी तो आवाज येतो. तिथेच प्रेक्षकांपुरता निकाल लागलेला असतो. या आवाजात माणसाने नुसता चहा मागवला तरी तो चहा कुणाच्या तरी जिवावर उठणार असे वाटते. आवाज खाली, वाक्य छोटे आणि दोन शब्दांमध्ये अंतर एवढे, की मध्ये एखादा हस्तक धावत जाऊन फोन घेऊन परत येऊ शकेल.

आवाज खाली का जातो याचे कारण मात्र अगदीच निष्पाप आहे. मुलगा वयात येताना टेस्टोस्टेरॉन वाढते, स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि त्यांचा कंप मंदावतो. आठवी-नववीच्या वर्गात जे विचित्र आवाज ऐकू येतात ती याच बांधकामाची खडखड. पुढे सर्वसाधारण पुरुषाचे बोलणे सेकंदाला शंभर ते एकशेतीस कंपनांच्या आसपास स्थिरावते, बाईचे दोनशेच्या आसपास. ज्याचे आणखी खाली जाते त्याला शाळेच्या स्नेहसंमेलनात रावणाचे किंवा अफझलखानाचे काम मिळते. बिचाऱ्याला खरे तर तानाजी व्हायचे असते.

खालच्या आवाजाला दचकण्याची सवय माणसाने चित्रपटगृहात उचललेली नाही. यूजीन मॉर्टन या पक्षिशास्त्रज्ञाने १९७७ साली दाखवून दिले, की पक्षी आणि सस्तन प्राणी हल्ल्याच्या तयारीत असले की खालचा, खरखरीत आवाज काढतात, आणि घाबरले किंवा शरण आले की बारीक, स्वच्छ. मोठ्या शरीरातून खालचा आवाज येतो; म्हणून ज्याला मोठे दिसायचे आहे त्याने खाली बोलावे, हा जंगलातला जुना कारभार. युरोपातले तांबडे हरीण तर माजाच्या दिवसांत डरकाळी फोडताना स्वरयंत्र गळ्यातून खाली छातीच्या हाडापर्यंत ओढते. त्यामुळे त्याच्या आवाजावरून ते आहे त्यापेक्षा बरेच थोराड वाटते. ऐकणाऱ्या माद्या प्रभावित होतात, प्रतिस्पर्धी विचारात पडतात.

या नियमाची सर्वांत मोठी चेष्टा ऑस्ट्रेलियातल्या कोआलाने केली आहे. सात-आठ किलोचा हा प्राणी निलगिरीची पाने खातो आणि दिवसातला बराच वेळ झाडाच्या बेचक्यात झोपून काढतो. पण नर कोआला ओरडला की आवाज सेकंदाला सत्तावीस कंपनांपर्यंत खाली उतरतो. त्याच्या आकाराच्या प्राण्याकडून अपेक्षित असतो त्याच्या कितीतरी पट खाली, जवळजवळ हत्तीच्या घरातला. त्यासाठी त्याच्या घशात स्वरयंत्राखेरीज स्वरतंतूंची आणखी एक जास्तीची जोडी बसवलेली आहे. नुसत्या आवाजावर भूमिका वाटल्या असत्या तर जगातल्या सगळ्या खलनायकी कोआलाकडे गेल्या असत्या आणि एकही कट वेळेवर पार पडला नसता. उलट माणसाचे सर्वांत जास्त जीव घेणारा कीटक, म्हणजे डासाची मादी, सेकंदाला चारशे ते सहाशे कंपनांच्या नाजूक स्वरात कानाशी गुणगुणते.

माणसामाणसांत तर हा ठोकताळा आणखी लंगडा पडतो. प्रौढ पुरुषांमध्ये आवाजाची पट्टी आणि उंची यांचा संबंध फारच कमी. पाच फुटी कारकुनाच्या गळ्यात नगारा असतो आणि सहा फुटी पैलवान फोनवर बोलला की पलीकडून "ताई, सायबांना द्या" असे ऐकू येते. तरीही ऐकणाऱ्याचा कान जंगलातलाच राहिला आहे. अमेरिकेतल्या ७९२ कंपनीप्रमुखांचे आवाज तपासून २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा आवाज खाली ते सरासरीने मोठ्या कंपन्या चालवत होते आणि पगारही जास्त घेत होते. मतदारही खालच्या आवाजाच्या उमेदवाराकडे झुकतात असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे ज्या आवाजाला लोक चित्रपटात घाबरतात, त्यालाच बाहेर आल्यावर मत देतात.

खर्ज आणि खलत्व यांचे लग्न फार जुने असेल असा समज होतो, पण आपल्याकडच्या सर्वांत जुन्या नाट्यग्रंथात त्याचा पत्ता नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात बोलण्याच्या उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित अशा सहा तऱ्हा सांगितल्या आहेत. भांडण, संताप, कठोर बोलणे, दरडावणे यांसाठी भरताने दिला आहे दीप्त. म्हणजे डोक्यातून निघणारा, चढा आवाज. छातीतून येणारा मंद्र कुणासाठी, तर खचलेल्यांसाठी, चिंताग्रस्तांसाठी, आजाऱ्यांसाठी, घायाळ झालेल्यांसाठी आणि झिंगलेल्यांसाठी. भयानक रसाला त्याने स्वर नेमून दिला तो धैवत, षड्ज नव्हे. भरताला आजचा एखादा चित्रपट दाखवला, तर खुर्चीत रेलून खर्जात धमक्या देणारा गृहस्थ पाहून तो म्हणेल, की याला ताप आहे, याला आधी घरी न्या.

भरताचे म्हणणे व्यवहारालाही धरून होते. उघड्या मैदानावर, पलित्याच्या उजेडात, हजार माणसांपुढे खालचा आवाज पोचतच नाही. चौथ्या रांगेपर्यंत जाऊन तो बसतो. तमाशाच्या फडात किंवा जत्रेतल्या रंगमंचावर ज्याला जगायचे आहे त्याला आवाज वर फेकावाच लागतो, मग तो राजा असो की राक्षस. कोकणातल्या दशावतारात वेद चोरणारा संकासुर येतो तो अंगभर काळे घालून आणि लाल जीभ बाहेर काढून, पण बोलू लागला की मालवणीत कोट्या करून हशा वसूल करतो. केरळच्या कथकलीत पात्रे बोलत नाहीत. पण दुष्ट पात्रांना आरोळ्या ठोकण्याची मुभा आहे, आणि त्या खर्जात नसतात. आपल्या संगीत नाटकांतले नटही पल्लेदार, चढ्या पट्टीचे. पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकाला पैसे वसूल झाले पाहिजेत, आणि खर्जात पैसे वसूल होत नाहीत.

पश्चिमेकडे ऑपेराने मात्र दुष्टपणा पट्टीनुसार वाटून टाकला होता. नायक वरच्या आवाजात प्रेम करणार आणि खालच्या आवाजाचा माणूस त्यात मोडता घालणार, अशी साधारण विभागणी. गुनोच्या 'फाउस्ट'मधला सैतान बास आवाजाचा, व्हर्दीच्या 'रिगोलेटो'तला भाडोत्री मारेकरी बास आवाजाचा, 'ऑथेल्लो'तला इयागो त्याच्या एक पायरी वर. पण मोझार्टने १७९१ सालीच 'मॅजिक फ्लूट'मध्ये हे सगळे उलटे करून ठेवले होते: तिथे सर्वांत खालचा आवाज सज्जन पुरोहिताला दिलेला आहे आणि खुनाचा हुकूम देणारी रात्रीची राणी माणसाच्या गळ्याला जेमतेम झेपेल अशा टिपेत गाते. वरच्या स्वरात केलेली ती आदळआपट ऐकून अनेक जावयांना काही ओळखीचे आठवत असावे.

खर्जाचे खरे राज्य सुरू झाले ते मायक्रोफोन आल्यावर. मूकपटांत खलनायकाला आवाजच नव्हता. त्याने सगळा दुष्टपणा मिशी आणि भुवया यांवर निभावून नेला. आपल्याकडे बोलपट आला १९३१ साली, तरी जुनी सवय लगेच सुटली नाही. प्रभातच्या १९३४ सालच्या 'अमृतमंथन'मध्ये शांतारामबापूंनी राजगुरूची दहशत दाखवली ती पडदाभर एक डोळा दाखवून. हिंदीत तो डोळा चंद्रमोहनचा. मराठी आवृत्तीत राजगुरू झाले केशवराव दाते. हळूहळू मात्र ध्वनिमुद्रकांना माइकची एक खोड कळली: काही प्रकारचे माइक तोंडाच्या अगदी जवळ आणले की आवाजाचा खालचा भाग आपोआप फुगतो. आता ओरडण्याची गरज उरली नाही. खलनायक कुजबुजला तरी त्याची कुजबुज बाल्कनीतल्या शेवटच्या खुर्चीखाली जाऊन बसू लागली. डबिंगच्या खोलीत त्यात एको घालण्याची सोय झाली. एको घालायचा तर तो पटावा म्हणून अड्डा मोठा हवा, अड्डा मोठा तर त्यात दिवे, जिने आणि आम्लाचे हौद हवेत; निर्मात्याचा खर्च असा एका आवाजापायी वाढत गेला.

हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांची यादी नीट ऐकली तर मात्र खर्जाचा दावा बराच पातळ होतो. के. एन. सिंग हॅट घालून, भुवई उंचावून इतक्या सभ्यपणे बोलत की समोरच्याने घाबरण्याआधी आभार मानावेत. प्राणचे बोलणे धुराच्या वलयांसारखे गोलगोल. जीवन बोलत ते नाकातून आणि हेल काढून; त्याच हेलात त्यांनी पौराणिक चित्रपटांत नारदही केला, आणि कळ लावण्याचे काम दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे प्रेक्षकांना काही वेगळे वाटले नाही. अजित यांचा तस्कर शब्द असे सोडत असे की जणू प्रत्येकावर जकात भरायची आहे. यांपैकी एकाच्याही आवाजाने काच तडकली नसती. सगळ्यांमध्ये सारखी असलेली गोष्ट दुसरीच आहे: एकालाही घाई नव्हती.

नेमका हाच मुद्दा 'शोले'मध्ये पणाला लागला. गब्बरसिंगची भूमिका आधी डॅनी डेन्झोंगपा करणार होता. तो 'धर्मात्मा'च्या चित्रीकरणात अडकला आणि भूमिका अमजद खानकडे आली. तेव्हा पटकथाकारांनाच शंका आली, की या मुलाचा आवाज फार हलका आहे, डाकूला शोभणारा नाही. त्याला बदलावे का, असाही विचार झाला. शेवटी आवाज तसाच राहिला, १५ ऑगस्ट १९७५ ला चित्रपट लागला, आणि पुढे त्याच हलक्या आवाजातल्या संवादांच्या तबकड्या गणपतीच्या मांडवांत आणि लग्नघरांत गाण्यांसारख्या वाजू लागल्या. गब्बरचा आवाज ऐकला तर तो एका जागी थांबतच नाही: वाक्याच्या सुरुवातीला कुरकुर, मध्ये एकदम टीप, शेवटी पुन्हा घोगरेपणा आणि तंबाखूची थुंकी. पण त्याच्याआधी येतो तो दगडावरून ओढल्या जाणाऱ्या पट्ट्याचा आवाज. डाकूला खर्ज नव्हता, तो पट्ट्याने भरून काढला. या आवाजाची पत अशी वाढली की ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीसाठीही गब्बरलाच बोलावले गेले, आणि आयांनी ती बिस्किटे मुलांना निर्धास्त दिली.

अस्सल, पोटातून येणारा खर्ज हिंदीला मिळाला तो अमरीश पुरी यांच्याकडून. हे गृहस्थ वीसेक वर्षे मुंबईत कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी करत होते आणि उरलेल्या वेळात सत्यदेव दुबे यांच्याबरोबर नाटके. खिडकीपलीकडून त्या गळ्यातून "फॉर्म अपुरा आहे" हे शब्द आले असतील, तर अर्जदाराने आयुष्यात पुन्हा आजारी न पडण्याचा निश्चय केला असणार. १९८४ साली त्यांनी स्पिलबर्गच्या चित्रपटात माणसाचे काळीज हाताने उपसणारा मोलाराम केला आणि १९८७ साली 'मिस्टर इंडिया'तला मोगँबो. मोगँबोचे निरीक्षण करण्यासारखे आहे. त्याच्याकडे बेट आहे, सैन्य आहे, क्षेपणास्त्रे आहेत; पण चित्रपटभर तो जे मुख्य काम करतो ते म्हणजे आपण प्रसन्न असल्याची बातमी तृतीयपुरुषी वाक्यात जाहीर करणे. ती बातमी खर्जात आल्यामुळे राजपत्रासारखी वाटते. हेच वाक्य बारीक आवाजात म्हटले असते तर तो फराळाला आलेला लांबचा काका वाटला असता.

मराठीत या विषयाचा सगळ्यात मोठा धडा निळू फुले. त्यांच्याकडे खर्ज नव्हता हे आधी नोंदवले पाहिजे, कारण महाराष्ट्रात बहुतेकांची उलट समजूत आहे. आवाज बसका, किंचित घोगरा, घशाच्या मागच्या बाजूला ठेवलेला. पट्टी तर अगदी मध्यम. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वाढलेला हा नट १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'त झेले अण्णा झाला, आणि पुढची कित्येक वर्षे गावोगावच्या बायकांनी त्याला मनापासून शिव्याशाप दिले. त्यांचा पाटील किंवा सरपंच बोलायला लागला की पहिला शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून यायचा. मग थांबा. त्या थांब्यात नजर समोरच्या बाईवरून सावकाश खाली जाऊन परत वर यायची. मग उरलेले वाक्य, आणि शेवटचा शब्द असा ओढलेला की गाडा चिखलात रुतावा. वाक्यात असायचे काय, तर वाड्यावर येण्याचे आमंत्रण. शब्द पाहिले तर हळदीकुंकवाच्या निमंत्रणाइतके साधे. आजही शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कुणी निळूभाऊंची नक्कल करतो, तेव्हा आवाज खाली नेण्याची चूक करतो. आवाज बरोबर जमत नाही, पण खांदा उचलून तोंड वाकडे केले की टाळ्या मिळतात.

'सामना'तला त्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील तर आणखी पुढे जातो. साखर कारखाना, दारूचा कारखाना, माणसे, सत्ता, सगळे त्याच्या हातात. समोर श्रीराम लागूंचा मास्तर, खिशात फुटकी कवडी नसलेला. हिंदुराव त्याच्याशी बोलतो ते पाहुण्याशी बोलावे तसे: राहा, खा, प्या. आवाज चढवायची वेळ येते ती मास्तरच्या एका साध्या प्रश्नाने. खलनायकाचा आवाज चढला की तो हरायला लागला, हे गणित लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल आणि निळूभाऊ यांनी इतके चोख मांडले की त्यावर वेगळे भाष्य लागत नाही. याच निळू फुल्यांनी पुढे 'सिंहासन'मध्ये दिगू टिपणीस हा पत्रकार केला. गळा तोच, पण कुणालाही भीती वाटली नाही.

सदाशिव अमरापूरकर हे दुसरे उदाहरण. 'हँड्स अप' या मराठी नाटकातले त्यांचे काम पाहून गोविंद निहलानींनी त्यांना 'अर्धसत्य'मध्ये रामा शेट्टी दिला. १९८३ सालच्या हिंदी प्रेक्षकाला गुंड म्हणजे आरडाओरडा आणि सोनेरी विग माहीत होता. रामा शेट्टी पोलीस अधिकाऱ्याशी असा बोलतो जणू घराच्या वाटणीचा तोडगा काढायला बसला आहे, आणि ओम पुरीच्या चेहऱ्यावरचा घाम त्या मवाळपणामुळेच जास्त खरा वाटतो. पुढे 'सडक'मधल्या महाराणीसाठी अमरापूरकरांनी आवाज उचलून भलत्याच जागी नेऊन ठेवला, आणि खलभूमिकेचे फिल्मफेअर पारितोषिक पहिल्यांदा दिले गेले ते या भूमिकेला. खराखुरा भारदस्त आवाज मराठीत कुलदीप पवारांकडे होता. तो ऐकला की हा माणूस खलनायक असो वा नसो, जमीन याच्याच नावावर असणार याची खात्री पटे.

बायकांच्या वाट्याला खर्ज फारसा आलाच नाही. ललिता पवारांची सासू छळायची ती बारीक झालेल्या डाव्या डोळ्याने आणि कातरीसारख्या धारदार आवाजाने. दूरदर्शनच्या 'रामायणा'त मंथरा म्हणून त्यांना आणले तेव्हा कैकेयीच्या आधी प्रेक्षकच पटले. शशिकलाबाई लाडीगोडीने संसार मोडत. आजच्या मालिकांतल्या कारस्थानी जावेला स्वतःचा आवाज कमी आणि पार्श्वसंगीताचा धडाका जास्त असतो. तिने भुवई उचलली की तीन वेळा वीज कडाडते. खालच्या आवाजाच्या खलनायिकेसाठी समुद्रात उतरावे लागते. डिस्नेच्या १९८९ सालच्या 'लिटल मर्मेड'मधली ऊर्सुला ही जाडजूड, घोगऱ्या आवाजाची चेटकीण करारावर सही घेऊन जलपरीचा गोड आवाज काढून घेते. इतर खलनायक जमिनी, तिजोऱ्या, फार तर राज्ये लुबाडतात. आपल्याकडे काय कमी आहे हे नेमके ओळखून चोरी करणारी ही एकटीच.

जगातला सर्वांत प्रसिद्ध खलनायकी खर्ज मात्र त्या शरीराचा नव्हताच. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'मध्ये डार्थ व्हेडरच्या काळ्या शिरस्त्राणाखाली उभा होता डेव्हिड प्राउझ, साडेसहा फुटी ब्रिटिश शरीरसौष्ठवपटू. सेटवर तो सगळे संवाद म्हणत असे, पण इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या गावठी हेलात. सहकलाकार गमतीने त्याला डार्थ शेतकरी म्हणू लागले. आकाशगंगेचा काळ आवणीला निघाल्यासारखा बोलतो हे दिग्दर्शकाला परवडणारे नव्हते. मग जेम्स अर्ल जोन्स यांना बोलावले. त्यांनी काही तासांत, सात हजार डॉलरांत सगळा आवाज देऊन टाकला आणि श्रेयनामावलीत नावही नको म्हणाले. डार्थ व्हेडरचा तो धापांसारखा श्वास तर तिसऱ्याच ठिकाणचा: ध्वनिकार बेन बर्ट यांनी पाणबुड्यांच्या श्वसनयंत्रात माइक घालून तो मिळवला. म्हणजे अंग एकाचे, गळा दुसऱ्याचा आणि फुप्फुसे दुकानातली. असा जुळवून केलेला माणूस चित्रपटाच्या इतिहासात सर्वांत जास्त दरारा निर्माण करून गेला.

जोन्स लहानपणी इतके अडखळत बोलत की काही वर्षे त्यांनी बोलणेच जवळजवळ सोडले होते. आपल्याकडे शरद केळकरांनीही लहानपणच्या तोतरेपणाबद्दल उघडपणे सांगितले आहे, आणि आज हिंदी-मराठीत खर्ज म्हटला की त्यांचेच नाव पुढे येते. २०१४ साली 'लय भारी'त ते संग्राम हा खलनायक होते. वर्षभरात 'बाहुबली'च्या हिंदी आवृत्तीत नायकाचा आवाज झाले. २०२० साली 'तान्हाजी'मध्ये छत्रपती. जोन्स यांचेही तसेच: डार्थ व्हेडरच्या गळ्यातूनच 'लायन किंग'मधला सज्जन राजा मुफासा बोलला, आणि त्याचा काटा काढणाऱ्या भावाला आवाज दिला तो जेरेमी आयर्न्स यांनी, अधिक बारीक, कंटाळलेला, सुशिक्षित. शक्तिमानचा शत्रू किल्विश अंधाराच्या गप्पा मारत असे त्या आवाजाचे धनी सुरेंद्र पाल हेच चोप्रांच्या 'महाभारता'त गुरू द्रोण होते. त्याच मालिकेत काळाच्या रूपाने हरीश भिमाणी खर्जात बोलत, तर अठरा अक्षौहिणींच्या नाशाला कारण झालेला शकुनी मात्र लंगडत, हसत, मधाळ स्वरात. मालिका पाहणाऱ्या घरात या वाटणीबद्दल कुणी तक्रार केली नाही.

खर्जाची ही दोन्हीकडची नोकरी वयाप्रमाणे बदलते. अमरीश पुरींनी १९९५ साली 'दिलवाले दुल्हनिया'त पंजाबी बाप केला, आणि मोगँबोच्या गळ्यातून मुलीला घरात येण्याजाण्याची परवानगी मिळू लागली. चित्रपटाच्या शेवटी त्यांनी जाऊ दिले तेव्हा देशभरच्या प्रेक्षकांनी सुस्कारा सोडला; ओलीस सुटल्यावर सोडतात तसाच तो होता. अमिताभ बच्चन यांच्या आवाजाला आकाशवाणीने नकार दिला होता. त्यानंतर तो मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'मध्ये निवेदन करू लागला, आणि पुढे सरकारी जाहिरातींतून हात धुण्याची, पोलिओचा डोस देण्याची ताकीद देत राहिला. लोकांनी मुकाट्याने ऐकले.

अलीकडे मात्र खलनायकांची पंचाईत झाली आहे, कारण नायकांनीच खर्ज बळकावला. बॅटमॅन २००५ पासून घसा खरवडून बोलू लागला. २००८ साली त्याच्यासमोर हीथ लेजरचा जोकर आला तो चढउतारांनी भरलेल्या, ओठ चाटत बोलणाऱ्या आवाजात, आणि चित्रपट घेऊन गेला. पुढच्या भागातल्या बेनने तोंडावर मुसकी बांधूनच प्रवेश केला. त्याचा नमुनाप्रसंग आधी दाखवला तेव्हा प्रेक्षकांना त्याचे शब्दच कळेनात, आणि ध्वनिकारांना तो पुन्हा उजळावा लागला. धमकी समजली नाही तर घाबरायचे कशाला, हा प्रश्न रास्त होता. दाक्षिणात्य चित्रपटांच्या हिंदी आवृत्त्यांतले दाढीवाले नायक तर आता इतके खाली बोलतात की शेजारच्या खुर्चीवरचा पॉपकॉर्न हलतो. त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या खलनायकाला एक तर बारीक बोलावे लागते किंवा गप्प बसावे लागते. बरेच जण सूट शिवतात आणि दुबईहून फोन करतात.

शेवटच्या रिळात खलनायकाच्या आवाजाचे काय होते हे शरीरशास्त्रात आधीच ठरलेले आहे. माणूस घाबरला की स्वरतंतू ताणले जातात आणि पट्टी चढते. कितीही मोठा खर्जवाला असला तरी कड्यावरून लोंबकळताना मध्य सप्तकात येतो आणि हात सुटल्यावर तारसप्तकात जातो. बहुतेक चित्रपटांतला शेवटचा "नहीं" या नियमाला धरून असतो. गब्बरच्या नशिबी मात्र तेही आले नाही. मूळ शेवटात ठाकूर त्याला पायांनीच संपवतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरला ते रुचले नाही, म्हणून प्रसंग नव्याने चित्रित करून पोलीस आणावे लागले. ते वेळेवर येतात, ठाकूरला कायदा समजावून सांगतात आणि गब्बरला घेऊन जातात. संवादांच्या तबकड्या पाठ असलेल्या माणसालाही त्या अधिकाऱ्याचा आवाज कसा होता हे सांगता येत नाही.